‘जीएनएक्स’ने अपेक्षाभंग केला, पण नेमका कोणाचा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत केंड्रिक लमार या अमेरिकी रॅपरच्या ‘जीएनएक्स’ या नव्या अल्बमचे परीक्षण आले, ते मी इंटरनेटवरच्या आवृत्तीत वाचले. मराठी दैनिकाने रॅपच्या अल्बमला अर्धे पान द्यावे याचा मला मनापासून आनंद झाला आणि तो आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढचे बरेचसे पत्र तक्रारीचे आहे. परीक्षणाचा सूर असा की, पुलित्झर पारितोषिक मिळवलेल्या कलावंताकडून जी उंची अपेक्षित होती ती इथे नाही, अल्बमला एकसंध विषय नाही, पाहुणे म्हणून घेतलेली नावे कोणी ऐकलेली नाहीत, आणि ड्रेक या प्रतिस्पर्धी रॅपरशी झालेले गाजलेले भांडण जिंकल्यानंतरची बढाई तेवढी उरली आहे. यांतल्या बढाईच्या आक्षेपाशी मी निम्मा सहमत आहे. बाकीचे आक्षेप फार लांबून घेतलेले आहेत असे मला वाटते, आणि इथे लांबचा अर्थ खरोखरच किलोमीटरमध्ये आहे.

मी मूळचा सांगलीचा. गेली 22 वर्षे लॉस एंजेलिसच्या आग्नेयेला आर्टेशिया नावाच्या लहानशा गावात राहतो. तिथल्या पायोनियर बुलेव्हार्डवर साड्यांची, दागिन्यांची, फरसाणाची दुकाने ओळीने आहेत आणि लोक त्या भागाला ‘लिटल इंडिया’ म्हणतात. नोकरी मात्र तिथून पंधराएक किलोमीटर पश्चिमेला, कॉम्प्टनमध्ये, अलमेडा स्ट्रीटलगतच्या एका गोदामात आहे. लाँग बीच आणि लॉस एंजेलिसच्या बंदरांत उतरलेले कंटेनर आमच्या धक्क्यावर रिकामे होतात, माल मोजला जातो आणि पुढे रवाना होतो. त्या मोजणीच्या नोंदी ठेवणे हे माझे काम. बाहेर पडले की रस्त्याच्या कडेने मालगाड्यांसाठी खणलेला 33 फूट खोल चर दिसतो. बंदराकडून आलेली गाडी त्यातून जाते तेव्हा ती दिसत नाही, नुसती पायाखाली घरघरते. केंड्रिक लमारचा जन्म 17 जून 1987 रोजी याच गावात झाला. मी संगीताचा जाणकार नाही, आणि 2012 साली मुलाने ‘गुड किड, मॅड सिटी’ हा त्याचा अल्बम गाडीत पहिल्यांदा लावला तेव्हा दुसऱ्याच गाण्याला मी तो बंद करायला लावला होता, हेही सांगून टाकतो. त्यातल्या शिव्यांचा मला अजूनही त्रास होतो. पण ज्या चौकांची नावे त्यात येत होती ते चौक मी रोज सकाळी ओलांडत होतो, आणि त्या कुतूहलापायी पुढे सगळे अल्बम ऐकत गेलो.

‘जीएनएक्स’ 22 नोव्हेंबर 2024 ला, शुक्रवारी आला. आधी जाहिरात नाही, तारीख नाही, मुलाखत नाही. जेवणाच्या सुट्टीत धक्क्यावर आलो तर फोर्कलिफ्ट चालवणारी आमची तिन्ही मुले एका पिकअपचे दोन्ही दरवाजे सताड उघडे टाकून उभी होती आणि आतून एका बाईचा स्पॅनिश स्वर येत होता, मारियाची या मेक्सिकोच्या लोकसंगीतातला असतो तसा लांबवलेला आणि रडवेला. आमच्याकडे पॅकिंगला एक साठीच्या बाई आहेत, मेक्सिकोतल्या हालिस्कोमधून तरुणपणी आलेल्या. या मुलांच्या गाण्यांना त्या रोज नाक मुरडतात. त्या दिवशी त्यांनी हातातली चिकटपट्टीची गन खोक्यावर ठेवली आणि हे कोण गाते आहे म्हणून विचारले. मुलांनी ‘केंड्रिक’ असे उत्तर दिल्यावर ही आपली थट्टा चालली आहे असेच त्यांना वाटले. मग पुरुषाचा आवाज सुरू झाला, बाई पुन्हा कामाला लागल्या, पण सहाव्या गाण्याच्या आरंभी तोच स्त्रीस्वर परत आला तेव्हा त्यांनी मान वर केली, हे मी पाहिले.

तो स्वर डेरा बरेरा या मारियाची गायिकेचा आहे. अल्बमच्या सुरुवातीला, मध्यावर आणि अखेरच्या गाण्यात अशा तीन ठिकाणी तो येतो. आपल्या परीक्षणकर्त्यांनी त्याला ‘शोभेचा तुकडा’ ठरवले आहे. मुंबईत बसून ऐकताना तसे वाटणे मी समजू शकतो, कारण बाहेरच्या जगाच्या डोक्यात कॉम्प्टन म्हटले की 1988 साली ‘एन. डब्ल्यू. ए.’ या इथल्याच रॅप गटाच्या अल्बमने उभे केलेले, कृष्णवर्णीय तरुणांचे, बंदुकांचे आणि पोलिसांच्या गाड्यांचे गाव येते. प्रत्यक्षात आज या गावात दर दहा माणसांमागे सुमारे सात लॅटिनो आहेत. पानाच्या ठेल्यासारखी इथे जागोजागी टाकोची गाडी उभी असते, रविवारी चर्चबाहेर स्पॅनिश ऐकू येते, आणि ज्या घरांत पूर्वी कृष्णवर्णीय कुटुंबे होती त्यांतल्या कित्येक घरांवर आता मेक्सिकोतल्या गावांची नावे लावलेले फलक दिसतात. अशा गावाचा सर्वांत प्रसिद्ध मुलगा आपल्या अल्बमचा पहिला शब्द स्वतः उच्चारत नाही, तो शेजारणीला देतो. पाहुण्या रॅपरांतही पेसो आणि लेफ्टी गनप्ले हे दोघे लॅटिनो आहेत. हा योगायोग समजायचा असेल तर समजावा; मला तरी यात अल्बमचा विषय पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलेला दिसतो.

हा विषय म्हणजे एक गाव, आणि तेही बाहेरच्या माणसाला कौतुकाने दाखवण्यासाठी सजवलेले नव्हे. ‘डॉजर ब्लू’ या गाण्यात तो एक साधा हिशेब मांडतो: ज्यांनी कधी दहा क्रमांकाचा महामार्ग ओलांडलेला नाही त्यांनी लॉस एंजेलिस आवडत नाही असे सांगू नये. वाचकांसाठी एवढेच सांगतो की हा महामार्ग समुद्रकाठच्या सांता मोनिकाहून निघून शहराला आडवा कापत पूर्वेकडे जातो. हॉलिवूड, बेव्हर्ली हिल्स, पर्यटकांच्या बसगाड्या, सारे त्याच्या उत्तरेला. वॉट्स, कॉम्प्टन आणि आमचे गोदाम दक्षिणेला. भारतातून येणारे माझे पाहुणे, त्यांतले काही तर आठ-आठ दिवस राहिलेले, हा रस्ता दक्षिणेकडे ओलांडतात ते फक्त माझ्या घरी जेवायला येण्यासाठी आणि डिस्नेलँडला जाण्यासाठी. त्या एका ओळीवर आमच्या धक्क्यावर जी आरोळी उठली ती पुलित्झरच्या समितीला ऐकू जाण्यासारखी नव्हती.

म्हणून ‘पाहुण्यांची नावे कोणी ऐकलेली नाहीत’ या आक्षेपावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. डोडीसिक्स, एझीचाइक, वॉली द सेन्से, सिएटेसेव्हनएक्स, हिटा जे-थ्री, यंगथ्रेट ही नावे मीही ऐकलेली नव्हती. आमच्या मुलांनी मात्र ऐकलेली होती. त्यांतल्या एकाला तर या यादीतला कोण कुठल्या रस्त्यावर वाढला हेही ठाऊक होते. जगातल्या कुठल्याही नामवंताला एका निरोपावर बोलावू शकेल अशा माणसाने आपल्या अल्बमचे शीर्षकगीत शेजारपाजारच्या तीन पोरांबरोबर वाटून घ्यावे, ही निवड आहे, उणीव नव्हे. नावाजलेली अशी सिझा ही एकच गायिका आहे, ती दोन गाण्यांत, आणि रॉडी रिच थोडका. माणदेशी किंवा मालवणी बोलीत लिहिणाऱ्याला ‘हे पुण्यात कोणाला कळणार’ असे विचारण्याची पद्धत आपल्याकडे एकेकाळी होती. ती आता गेली याचे समाधान वाटत असतानाच तोच प्रश्न कॉम्प्टनच्या माणसाला आपण विचारावा, हे मला रुचले नाही.

शिवाय उच्चारांचा मुद्दा आहे, ज्याला परीक्षणात हातच लावलेला नाही. ‘हे नाउ’ आणि ‘पीकाबू’ या गाण्यांत केंड्रिक जवळजवळ कुजबुजतो, शब्द तालाच्या किंचित मागे ठेवतो, दात न उघडता बोलल्यासारखा. ही ढब त्याची स्वतःची नाही. याच शहरातला ड्रेको द रूलर, जो डिसेंबर 2021 मध्ये मारला गेला, त्याच्या रॅपची ती आठवण करून देते. ज्याने ही बोली गाण्यात आणली तो देशभर पोहोचण्याआधीच गेला, आणि ती बोली आता सर्वांत मोठ्या आवाजातून जगभर गेली. यात उचलेगिरी किती आणि श्राद्ध किती, यावर आमच्या पोरांचे दोन तट आहेत. मी श्राद्धाच्या बाजूचा आहे, पण ही दोन्ही गाणी गाणी म्हणून मला पातळ वाटतात हे मान्य करतो. ढब आहे, तिच्याखाली सांगायला फारसे नाही. बारांपैकी दोन-तीन गाणी अशी असणे हे 44 मिनिटांच्या अल्बममध्ये अधिक बोचते.

आता अपेक्षेच्या प्रश्नाकडे. पुलित्झर मिळवणाऱ्या केंड्रिककडून उंच अपेक्षा धरणे चूक नाही. त्या त्यानेच वाढवून ठेवल्या आहेत. 2015 च्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’मध्ये एक कविता गाण्यागणिक थोडी थोडी पुढे सरकते आणि शेवटी ती टुपॅक शकूरला, म्हणजे 1996 साली गेलेल्या रॅपरला, वाचून दाखवली जाते, जॅझचे अव्वल वादक मागे असतात, आणि त्यातले एक गाणे त्याच वर्षी पोलिसांच्या अत्याचाराविरुद्धच्या मोर्चांत घोषणेसारखे म्हटले जाते. एप्रिल 2017 मध्ये आलेला ‘डॅम’ उलट्या क्रमानेही ऐकता येतो आणि वर्षअखेरीस तो तसा उलट्या क्रमाने प्रसिद्धही झाला. त्यालाच 2018 चे पुलित्झर मिळाले. शास्त्रीय आणि जॅझ यांच्याबाहेरच्या संगीताला ते त्याआधी कधीच मिळाले नव्हते. मग मोठी शांतता. मे 2022 मध्ये ‘मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स’ आला तेव्हा त्याच्या पहिल्याच गाण्यात तो मधले दिवस मोजून सांगतो: 1855. मी नोंदी ठेवण्याचे काम करत असल्याने हा आकडा दिनदर्शिका घेऊन पडताळून पाहिला होता. बरोबर आहे. त्या अल्बममध्ये 73 मिनिटे तो मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत बसल्यासारखा बोलतो, बापाविषयी, आईवर झालेल्या अत्याचाराविषयी, स्वतःच्या लैंगिक व्यसनाविषयी, आणि मला तारणहार समजू नका असे ऐकणाऱ्याला बजावतो.

अशा रांगेत पुढचा अल्बमही तसाच वजनदार हवा, आणि आला तो गाडीच्या नावाचा अल्बम. जीएनएक्स ही ब्यूइक कंपनीची 1987 सालची काळी मोटार. तिच्या फक्त 547 गाड्या बनल्या. मुखपृष्ठावर तो तिच्याजवळ उभा आहे, चित्र कृष्णधवल आहे. त्याच्या जन्माच्या वर्षी, मोजक्याच संख्येने आणि दिसण्यापेक्षा इंजिनासाठी ओळखली गेलेली गाडी. एवढे रूपक त्याला पुरले आणि पुढे त्याने ते ताणले नाही. मला ते बरे वाटले. 2022 चा अल्बम मी आदराने ऐकला, पण तीनदाच. हा या तीन आठवड्यांत किती वेळा झाला त्याची मोजदाद नाही. ‘स्क्वॅबल अप’ लागले की माझ्यासारख्या गुडघेदुखीच्या माणसाचीही मान हलते, आणि ‘ल्यूथर’मध्ये ल्यूथर व्हँड्रॉस आणि शेरिल लिन यांच्या जुन्या युगुलगीताचा स्वर खालून येतो तेव्हा ते गाणे घरच्या मंडळींबरोबरही ऐकता येते, जे या कलावंताच्या बाबतीत वारंवार म्हणता येत नाही. ‘टीव्ही ऑफ’ मध्येच कूस बदलते, तुताऱ्यांसारखी वाद्ये घुसतात आणि तो संगीतकाराचे नाव एवढे लांबवून ओरडतो की आता आमच्या धक्क्यावर पॅलेट खाली टेकले की कोणीतरी ‘मस्टर्ड’ म्हणून बोंब ठोकतोच. (मस्टर्ड हे इथल्याच एका संगीतकाराचे नाव आहे. आमच्या घरी पहिल्या दिवशी मोहरी संपली की काय, असा प्रश्न आला होता.) रंजन करणे हे परीक्षणकर्त्यांना दुय्यम वाटते असे त्यांच्या लिखाणावरून दिसते. ते दुय्यम असेलही, पण अवघड नक्कीच आहे.

मात्र ‘एकसंध विषय नाही, नुसती बढाई आहे’ या वाक्याने मला हे पत्र लिहायला बसवले, कारण त्या वाक्यावरून असा संशय येतो की सहावे गाणे लक्ष देऊन ऐकलेले नाही. त्याचे नाव ‘रीइन्कार्नेटेड’. तालाचे मूळ टुपॅकच्या एका गाण्यात आहे आणि आवाजही केंड्रिकने तसाच खडा, छातीतून काढलेला ठेवला आहे. गोष्ट पुनर्जन्माची आहे, आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या कथांवर वाढलेल्या आपल्या वाचकाला ती इथल्या ऐकणाऱ्यापेक्षा लवकर लागावी. निवेदकाचा पहिला जन्म एका गिटारवादकाचा: 1947 साली मिशिगनमध्ये बाप त्याला घराबाहेर काढतो, तो वाद्यावर हुकूमत मिळवतो, पैसा मिळवतो आणि त्याच हावेत संपतो. दुसरा जन्म एका कृष्णवर्णीय गायिकेचा. आवाज सोन्याचा, पण नशेची सुई तिला घेऊन जाते, आणि तिच्याही बापाने तिच्याकडे पाठ फिरवलेली असते. तिसरा जन्म म्हणजे आजचा, केंड्रिक लमार नावाचा रॅपर. तिन्ही जन्मांत देणगी तीच आहे आणि रुष्ट झालेला बापही तोच. इथवर गाणे चांगले आहे. खरे गाणे पुढे सुरू होते, कारण आता बाप आणि मुलगा समोरासमोर बोलू लागतात आणि हा बाप हळूहळू देव होत जातो.

हा संवाद दोघांचा आहे पण आवाज एकाच्याच तोंडून येतो, म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा कोण काय बोलले तेच कळत नाही. बाप म्हणतो, तुझा अहंकार मेला पाहिजे. मुलगा म्हणतो, कसा ते दाखव. मग बाप त्याला केलेली कामे मोजायला सांगतो आणि मुलगा कारकुनासारखी यादी वाचू लागतो: इतक्या संस्थांना पैसे दिले, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या शंभर वस्त्यांना एका रंगमंचावर आणले, शहरात शांतता नांदावी म्हणून धडपडतो आहे. यातली रंगमंचाची गोष्ट ऐकणाऱ्याला ठाऊक असते. 19 जून 2024 ला इंगलवूडच्या फोरम या सभागृहात झालेल्या त्याच्या कार्यक्रमात परस्परांशी वैर असलेल्या टोळ्यांची माणसे खरोखरच शेजारी उभी राहून छायाचित्र काढून घेत होती आणि आमच्या मुलांनी ते मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिले होते. म्हणजे यादी खोटी नाही. आणि तरीही बाप एका वाक्यात ती उधळून लावतो: पण तुला युद्ध आवडते. मुलगा नाही म्हणतो. बाप म्हणतो, आवडते. मग मुलगा वाद सोडतो आणि खरे काय ते तूच सांग म्हणतो.

भांडण जिंकलेल्या वर्षी, जिंकलेल्या माणसाने, स्वतःवर याहून नेमका आरोप ठेवल्याचे मला तरी ठाऊक नाही. त्यात तो निर्दोष सुटत नाही, आणि पश्चात्तापाचे जे शब्द शेवटी येतात ते अल्बम तरी मानत नाही, कारण लगेच पुढचे गाणे ‘टीव्ही ऑफ’ आहे, आणि तो पुन्हा तलवार उपसून उभा. हा विसंगतपणा आहे, पण तो ठेवलेला आहे, राहून गेलेला नाही. पहिल्या गाण्यातही नीट पाहिले तर बढाईपेक्षा रुसवा अधिक आहे. आपल्या भित्तिचित्रावर कोणीतरी रंग फासला, सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात गाण्याचा मान मिळाल्यावर अभिनंदन केले ते एकट्या नॅस या रॅपरने, ज्याची गाणी ऐकत वाढलो तो लिल वेन दुखावला, असे तो मोजत जातो. (9 फेब्रुवारी 2025 चा तो सामना लिल वेनच्याच गावी, न्यू ऑर्लिन्समध्ये ठरला.) बढाई मारणारा माणूस आपल्याला आलेल्या आणि न आलेल्या अभिनंदनांचा हिशेब सहसा सांगत नाही.

जिथे परीक्षणकर्त्यांशी मी निम्मा सहमत झालो ती जागा ‘मॅन अ‍ॅट द गार्डन’ ही. हे सगळे मला मिळायलाच हवे, मी त्याला पात्र आहे, ही एकच टेकणी घेऊन तो फिरून फिरून परत येतो, आणि कुटुंबाचे, श्रमाचे, देवभक्तीचे दाखले देतो. चाहते म्हणतात की हीच त्या गाण्याची गंमत आहे, प्रार्थना सरता सरता मागणी होते. मला ती मागणी पहिल्यापासूनच ऐकू आली. ज्याने अडीच वर्षांपूर्वी ‘मला तारणहार समजू नका’ असे सांगितले त्याने आता ‘माझ्या पात्रतेची पावती द्या’ म्हणावे, यातली घसरण मी त्याच्या बाजूचा असूनही झाकणार नाही. हे गाणे ‘रीइन्कार्नेटेड’च्या नंतर आले असते तर कदाचित मी याच ओळी वेगळ्या ऐकल्या असत्या, पण ते दोन गाणी आधीच येते. स्त्रियांविषयीची भाषा काही ठिकाणी नेहमीसारखीच उथळ आहे, त्यावर नव्याने बोलण्यासारखे काही नाही.

उलट ‘हार्ट पार्ट सिक्स’ या शांत गाण्याचा परीक्षणात उल्लेखही नसावा याचे नवल वाटले. आपल्या जुन्या रेकॉर्ड कंपनीतले दिवस, एकाच स्टुडिओत रात्री काढणारे मित्र, आणि त्यांच्यातल्या चौघांचा मिळून व्हायचा अल्बम का झाला नाही हे त्यात आहे. आणि न होण्याचा दोष तो स्वतःकडे घेतो. मे महिन्यात ड्रेकने नेमके हेच नाव आपल्या गाण्याला देऊन केंड्रिकची ‘हार्ट’ नावाची गाण्यांची मालिका पळवली होती. नाव परत घेताना त्याने प्रतिस्पर्ध्याला एक शब्दही दिलेला नाही, जुन्या मित्रांविषयी बोलला. भांडखोर माणसाला ही संधी सोडवली नसती. आणि अखेरच्या ‘ग्लोरिया’त जिच्याशी त्याचे एवढे प्रेम, एवढी भांडणे, एवढा मत्सर चालला आहे ती स्त्री नसून त्याची लेखणी आहे हे कळते तेव्हा गाणे संपत आलेले असते. हे रूपक फार नवे नाही. सिझाच्या स्वरामुळे तरते.

भांडणाला परीक्षणात कलगी-तुऱ्याची उपमा दिली आहे. ती सुचणे स्वाभाविक आहे, मलाही ती सुचली होती, आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांना मी सवाल-जवाब समजावून सांगितलेही आहेत. पण आमच्या भागात यात्रेला मी लहानपणी जे ऐकले त्यात दोन फड एकाच मांडवात बसलेले असत, एकाचा शाहीर शक्तीचा पक्ष मांडी, दुसऱ्याचा शिवाचा, आणि ज्याला उत्तर येत नसे त्याची मान समोरच्या शे-दोनशे माणसांसमोर खाली जाई. दुसऱ्या दिवशी तेच दोघे एका पंगतीला. केंड्रिक आणि ड्रेक यांच्यात मे 2024 मध्ये जे झाले त्यात दोघे एका छताखाली कधी आलेच नाहीत. एकदा तर एकाचे गाणे प्रसिद्ध झाल्यावर तासाभरातच दुसऱ्याचे उत्तर आले, विषय तत्त्वाचा नसून एकमेकांच्या बायकामुलांपर्यंत पोहोचलेल्या आरोपांचा होता, आणि निवाडा गाणे किती वेळा वाजले यावर झाला. पंगतीची तर शक्यताच नाही. तेव्हा उपमा वापरावी, पण कलगी-तुऱ्याचे मोठेपण त्या भांडणाला उसने देऊ नये.

विक्रीवरून काही ठरवायचे नसते हे मान्य आहे, पण परीक्षणात ‘चाहत्यांनीही पाठ फिरवली’ असे एक वाक्य आहे, म्हणून सांगतो. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत या अल्बमची 3 लाख 19 हजार प्रतींच्या तोडीची विक्री झाली, तो ‘बिलबोर्ड 200’ यादीत पहिल्या क्रमांकावर आला, आणि गाण्यांच्या ‘हॉट 100’ यादीतले पहिले पाचही क्रमांक याच अल्बममधल्या गाण्यांनी घेतले. 2022 च्या अल्बमचा पहिल्या आठवड्याचा आकडा 2 लाख 95 हजारांच्या घरात होता. ही पाठ फिरवण्याची खूण दिसत नाही.

शेवटी एक निव्वळ दुरुस्ती. परीक्षणाच्या तिसऱ्या परिच्छेदात ‘नॉट लाइक अस’ हे अल्बममधले ‘सर्वांत दमदार गाणे’ असल्याचे म्हटले आहे. ते गाणे 4 मे रोजी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले होते आणि फोरममधल्या त्या रात्री लोकांच्या आग्रहावरून ते लागोपाठ पाच वेळा म्हटले गेले, पण ‘जीएनएक्स’च्या बारा गाण्यांत ते नाही. आपल्या वर्षातले सर्वांत गाजलेले गाणे त्याने अल्बमबाहेर ठेवले आहे. येत्या अंकात ही चूक सुधारून छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
आर्टेशिया, कॅलिफोर्निया
डिसेंबर 2024